कपाळावरचा गोल वण

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "तू चौथी शिकलेली आहेस, लिही. भाजलेल्या बाया वॉर्डात येतात आणि तोंडावर पदर ओढून भिंतीकडं वळून पडतात. त्यांना मी वाचून दाखवीन." मी म्हटलं, लिहीन, पण खरं लिहीन, आणि खरं वाचल्यावर माझ्याबद्दल कुणाचं मत चांगलं राहायचं नाही. त्यावर त्या हसल्या. "लोकांच्या मताला काय जाळायचंय? त्यांना तेल कसं चोळायचं ते कळलं पाहिजे."

तेल कसं चोळायचं ते सांगतेच. पण आधी दुसरं सांगते.

मी देखणी होते. हे माझं मी म्हणत नाही, अख्खं गाव म्हणायचं. कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या काठाला आमचा मळा. लग्न होऊन आले तेव्हा बायका पाण्याची घागर खाली ठेवून माझ्याकडं बघत उभ्या राहायच्या. तीन वर्षांनी धाकटी जाऊ आली, गिरजा. काळीसावळी, दात जरा पुढं, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. तिचं तोंड पाहिल्यावर मला हायसं वाटलं. घरात दोन सुना आल्या की तुलना होतेच, आणि ह्या तुलनेत मला भीती नव्हती.

पुढं मला यमू झाली. गिरजाला चार वर्षं झाली तरी काही नव्हतं. यमू तिच्या कडेवर फार रमायची. मला काम असलं की मी खुशाल द्यायची, आणि पोर तिच्याजवळ जास्त हसायला लागली की ओढून घ्यायची. हा माझा स्वभाव. भाजण्याच्या आधीपासूनचा.

गुऱ्हाळ

त्या साली मार्गशीर्षात आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. बाईमाणसानं चुलाणापाशी, म्हणजे रस आटवायच्या भट्टीपाशी, जाऊ नये, गूळ बिघडतो, असं आमच्याकडं मानतात. भाकरी घेऊन जायचं, लांब ठेवायची, परतायचं. मी आणि गिरजा भाकरी घेऊन गेलो. यमू तिच्या कडेवर.

काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस आटून पाक होत आला होता. वास असा सुटलेला की पोरीनं हात पसरले आणि गिरजाला म्हणाली, "काकवी दे." गिरजाला! आई शेजारी उभी असताना! मला काय झालं कुणास ठाऊक. उसाचं एक कांडं उचललं आणि काहिलीत बुडवून पोरीला माझ्या हातानं द्यायला म्हणून पुढं झाले. गूळ करणारा गुळव्या ओरडला, "वैनी, मागं व्हा! काहील उतरतीया!" चौघांनी दांडे घालून काहील उचललीच होती. माझा पाय उसाच्या चिपाडांवरून सटकला, माझा धक्का एकाला लागला, काहील कलली, आणि पाकाची लाट डाव्या बाजूनं माझ्या तोंडावर आली.

पाणी अंगावर पडलं तर वाहून जातं. पाक जात नाही. तो बसून राहतो आणि भाजत राहतो.

कुणी म्हणालं शाई आणा, कुणी म्हणालं शेण लिंपा, कुणी चुना-तेल. गिरजानं यमूला जमिनीवर ठेवलं आणि हौदातली घागर माझ्या तोंडावर ओतली. मग दुसरी. मग तिसरी. "अगं पानी नगं, फोड येत्याल!" म्हणून लोक तिच्यावर ओरडत होते. एरवी कुणी डोळे वटारले तरी मागं सरणारी बाई, पण तिनं कुणाचं ऐकलं नाही. मोटार मिळेपर्यंत ती ओततच राहिली.

हे वाचणाऱ्या बाईनं दुसरं काही लक्षात ठेवू नये, एवढं ठेवावं. भाजलं की गार पाणी, आणि दुसरं काहीही नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल नसल्यानं मोटारी कोळशावर चालायच्या, मागच्या बाजूला भट्टी. नगरला जाईपर्यंत त्या भट्टीची धग पाठीला लागायची आणि मी किंचाळायची. मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "पाणी कुणी ओतलं?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "धाकट्या सुनेनं."

"तिनं हिचा डोळा वाचवला."

तोंडभर वेदना, एक डोळा मिटलेला, आणि अशा वेळी माझ्या मनात काय यावं? आता हिचं गावभर कौतुक होणार, हे.

पट्टी सुटली तो दिवस

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नीट पाहिलं आणि खाटेवर माझ्याशेजारी बसून सांगितलं. त्यांचं मराठी इंग्रजी वळणाचं होतं, पण अडखळत नव्हत्या. डोळा राहील. कपाळावरचं वरवरचं आहे, ते साफ होईल, कुणाला कळणारही नाही. गालाचं खोल आहे. डोळ्याखालची कातडी आखडून पापणी खाली ओढली जाईल, म्हणून मांडीची कातडी काढून तिथं बसवू. "वण जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मऊ होतील, फिके होतील. वर्ष-दीड वर्ष तू मेहनत केलीस तर."

मी त्यातलं 'जाणार नाहीत' एवढंच ऐकलं.

आरसा मागितला. वॉर्डात आरसा ठेवतच नव्हते. मग पितळी तांब्यात पाहिलं. तांब्यात कुणाचंही तोंड वाकडंच दिसतं, असं मनाला समजावलं. तरी खात्री करायला शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तांब्या दिला आणि तिचं तोंड त्यात पाहिलं. तिचं वाकडं दिसलं, पण तोंड दिसलं. मी तांब्या पालथा घातला.

सिस्टर आमच्याच जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती. नवरा शेवगावकडं शाळामास्तर. रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्यात भिजवून त्या पट्टी सोडवायच्या. लढाईमुळं नव्या पट्ट्या मिळत नव्हत्या, जुन्याच उकळून वाळवायच्या. हात धड असलेल्या बायका बसून त्या गुंडाळायच्या. मीही गुंडाळल्या. दुपार सरायला तेवढंच काम होतं.

तोंडाचा कोपरा आखडू नये म्हणून सिस्टरनी मला शीळ घालायला लावलं. बाईमाणसानं शीळ! मी लाजेनं मेले. शेजारची म्हातारी म्हणाली, "आगं बया, गुरं वळायला ठेवलीया का तुला?" पण चार दिवसांत म्हातारी स्वतःच बोळक्या तोंडानं फू फू करायला लागली आणि सगळा वॉर्ड हसला. माझा गाल ताणून दुखला, पण मीही हसले.

एकच गोष्ट मला सलत होती. सिस्टरनी सांगितलं होतं, नव्या कातडीला खोबरेल सोडून काही लावायचं नाही. हळद नाही, कुंकू तर नाहीच नाही. मी म्हटलं, "नवरा जिवंत असताना मोकळ्या कपाळानं बसू?"

सिस्टर स्वतःच्या मोकळ्या कपाळाला बोट लावून म्हणाल्या, "माझा मास्तर बघ, वीस वर्षं झाली. अजून पानात मीठ कमी पडलं तर ओरडतो. चांगला धडधाकट आहे."

संक्रांतीनंतर

संक्रांत झाल्यावर आत्याबाई, गिरजा आणि यमू मला भेटायला आल्या. मालक, म्हणजे यमूचे वडील, बाहेर व्हरांड्यात थांबले, बायकांच्या वॉर्डात पुरुषांना येऊ देत नसत.

पोर किती दिवसांनी दिसत होती. मी हात पुढं केले. यमूनं माझ्याकडं पाहिलं, ओठ काढले, आणि गिरजाच्या मानेत तोंड खुपसून ओरडली, "आई! घरी चल!"

आई म्हणाली ती. गिरजाला.

गिरजा घाबरून तिला म्हणत होती, "ही बघ, ही आई." पोर मान वर करीना. संक्रांतीचं हळदीकुंकू होऊन गेलेलं. गिरजाच्या हातात नव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, कडेवर माझी मुलगी. जिच्याकडं कुणी मान वळवून बघायचं नाही, ती मला त्या दिवशी सुंदर दिसली. मला तिचा मत्सर वाटला.

आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माझा ल्योक जिता हाय आन् तुझं कपाळ पांढरं! बघवंना बया मला." आणि डोळे पुसत बाहेर गेल्या.

खाटेपाशी आम्ही दोघीच राहिलो, यमू तिच्या कडेवर. गिरजाच्या कमरेला कुंकवाची लहान डबी होती. मी म्हटलं, "मला कुंकू लाव."

"बाई, सिस्टरनी नगं सांगितलंय."

"लाव म्हणते ना."

"कातडी कवळी हाय. मी न्हाई लावायची. कायबी सांगा, येवढं नगं."

तेव्हा मी जे बोलले ते इथं जसंच्या तसं लिहिते, कारण ते न सांगण्याची सवय मला फार दिवस होती. मी म्हटलं, "तुला मी पांढऱ्या कपाळाचीच बरी दिसते. लेक तुझी झाली, आता घरबी तुझंच हुईल. मी कवा मरती ह्याची वाट बघतीस, भाड्ये."

गिरजाचं तोंड उतरलं. तिनं यमूला खाटेवर बसवलं, डबी उघडली, मेण लावलं आणि त्यावर कुंकू. चिंचोक्याएवढं, अगदी गोल. एवढं ऐकूनही तिचा गोल चुकला नाही. माझ्या कपाळाला आग आग झाली. त्या गेल्यावर पदर पुढं ओढला आणि दोन दिवस सिस्टरना सांगत राहिले, थंडी वाजते, पदर राहू द्या.

ताप

तिसऱ्या दिवशी ताप भरला. पदर काढल्यावर सिस्टरनी तडक डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. कुंकवाखालची कातडी गेली होती, पू धरला होता. जे कपाळ साफ होणार होतं त्याच्या मध्यावर खड्डा पडला. मांडीची कातडी बसवायचं काम दोन महिने पुढं गेलं.

"कुणी लावलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जावेनं."

हे खोटं नव्हतं. लावलं तिनंच.

बातमी घरी गेली आणि घरात काय झालं ते मालकांनी येऊन सांगितलं. आत्याबाईंनी गिरजाला नाही नाही ते सुनावलं. यमूला तिच्यापासून काढून माझ्या माहेरी, शेवगावकडं, धाडलं. "गिरजा काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हननार? मुकाट ऐकून घेतलं."

मला बरं वाटलं. लिहिताना हात अडतोय, पण बरं वाटलं. माझी नाही तर तिचीही नाही. त्या रात्री ताप असूनही मला झोप लागली.

महिन्यानं मालक परत आले. "पोर वाळली," ते म्हणाले. "जेवत न्हाई. उंबऱ्यात बसती आन् आई आई करती. तुझी लई आठवन काढती बघ."

बिचारे मालक. यमू कुठल्या आईला हाका मारत होती ते मला माहीत होतं.

फाल्गुनात मांडीची कातडी डोळ्याखाली बसली. पुढं सिस्टर रोज तेल चोळायला शिकवू लागल्या. बोटाच्या पेरावर चार थेंब खोबरेल, वण दाबायचा आणि जागच्या जागी गोल फिरवायचा, घासायचं नाही. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी शंभर आकडे मोजेपर्यंत. उन्हात जायचं नाही, गेलं तर पदर पुढं ओढून. कपाळावर आल्या की त्यांचं बोट त्या गोल वणापाशी जरा थांबायचं.

एक दिवस म्हणाल्या, "जावेनं लावलं, ते मी ऐकलं. लाव म्हणालं कोण?"

मी डोळे मिटून आकडे मोजत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

घरी

वैशाखात घरी आले. मला बघायला बायकांची ही गर्दी! पूर्वी घागर खाली ठेवून बघायच्या तशाच बघत होत्या. एवढंच की आता मधूनच नजर वळवायच्या.

गिरजा चुलीपुढं पाठमोरी बसली होती. तिनं माझ्यासमोर यायचं नाही, असं आत्याबाईंनी बजावलेलं. शेजारची काशीबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "वांझंच्या हातचं कुंकू, दुसरं काय हुनार? सोन्यासारखं कपाळ खाल्लं."

आत्याबाई म्हणाल्या, "ह्या म्हैन्यात तिला तिच्या बापाकडं धाडायची हाय. धाकट्याला दुसरी बघितली बी. पोरगी बरी हाय."

मला हे ठाऊक नव्हतं. मालकांनी सांगितलंच नव्हतं. मी चुलीकडं पाहिलं. गिरजाची पाठ तशीच होती, फक्त फुंकणीचा आवाज थांबला होता.

तेवढ्यात माझा भाऊ यमूला घेऊन दारात आला. पोर खरंच वाळली होती. खाली ठेवल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. मग चुलीपुढची पाठ तिला दिसली. "आई!" म्हणून ती दोन पावलं गेली आणि आत्याबाईंनी तिला दंडाला धरून मागं ओढलं. "तिच्याकडं जायाचं न्हाई!" पोर जमिनीवर पडून हातपाय आपटायला लागली. गिरजा वळली नाही. तिला वळायचं नव्हतं असं नाही, तिला परवानगी नव्हती.

मला वाटलं होतं, गिरजा गेली की पोर माझी होईल. आता गिरजा जाणार होती, नवी जाऊ येणार होती. मी फक्त गप्प बसायचं, बाकी सगळं माझ्या मनासारखं होणार होतं. आणि समोर यमू हातपाय आपटत होती, श्वास कोंडून निळी पडत होती.

"आत्याबाई, सोडा तिला," मी म्हटलं. "कुंकू मी लावाय लावलं."

"आं?"

"गिरजा नगं नगं म्हनत हुती. मी तिला घालूनपाडून बोलले. लेक घेतलीस, घर घेशील, मी मरायची वाट बघतीस, म्हनले. तवा तिनं लावलं. दोन दिस पदराखाली झाकून मीच ठेवलं."

आत्याबाईंच्या हातातून यमूचा दंड सुटला. त्या माझ्याकडं न बघता गिरजाकडं वळल्या. "मंग इतकं म्हैनं तू बोलली का न्हाईस गं? तोंडात मूग धरलं हुतंस?"

गिरजा तेव्हा वळली. नेहमीसारखी हळूच म्हणाली, "त्यांच्या तोंडाला आदीच लई झालं हुतं."

यमू उठली आणि पळाली. माझ्या समोरून, माझ्या पायाला घासून गेली, थांबली नाही. गिरजानं तिला उचललं आणि पदराखाली घेतलं. मी बघत उभी राहिले. चांगलं केलं म्हणून काही चांगलं वाटलं नाही. उलट पहिल्यापेक्षा जास्त पोटात दुखलं.

तेल

गिरजाला माहेरी धाडायचं पुन्हा कुणी काढलं नाही. भावजींनीच, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दुसरीचं नाव काढायचं नाही असं आत्याबाईंना सांगितलं. आम्ही दोघी महिनाभर बोललो नाही. मग एका सकाळी ती वाटीत खोबरेल घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या हातानं गालाच्या मागं नीट हुत न्हाई. बसा."

तेव्हापासून रोज तीच चोळते. शंभरपर्यंत आकडे तिला येत नव्हते, ते मी शिकवले. यमू तिच्या मांडीवर बसून आमच्याबरोबर मोजायची, वीसच्या पुढं घोटाळा करायची. पोर मला गिरजासारखंच 'बाई' म्हणायची. मी काही बोलायची नाही. शीळ मात्र घालायची. ती ऐकून पोर खदखदून हसायची आणि तोंडाकडं बघायला तिला भीती वाटेनाशी झाली.

दीड वर्षात गालाचा वण मऊ झाला, लाली गेली, चुण्या बसल्या. पापणी मिटते. सांजवेळी बाजूनं बघितलं तर ओळखू येत नाही, असं मालक म्हणतात. ते माझे मालक आहेत, त्यांना म्हणावंच लागतं. कपाळाचा गोल वण तेवढा खोल राहिला, त्यावर तेलाचा इलाज चालला नाही.

परवा दवाखान्यात दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कातडी पक्की झाली, कुंकू लावायला हरकत नाही. सिस्टरनी हे लिहायला सांगितलं तेही तेव्हाच. घरी आले आणि गिरजापुढं बसले. तिनं डबी उघडली. माझं कपाळ निरखून एकदम खूश होऊन म्हणाली, "बाई, वन कसा बरोबर कुंकवाच्या जागी हाय बघा! वर कुंकू लावलं की झाकून जातोय. कुनाला कळायचं बी न्हाई."

खरंच होतं. तिनंच लावलेला गोल, तेवढ्याच मापाचा.

"वर नको," मी म्हटलं. "खाली लाव. भुवयांच्या मधी."

"पर मंग त्यो दिसल की."

"दिसू दे."

गिरजानं मेण लावलं, भुवयांच्या मधे, आणि त्यावर कुंकू. वण वर तसाच उघडा. तिच्या मांडीवरून यमूनं वाकून माझं तोंड न्याहाळलं, बोट आधी कुंकवाला लावलं, मग वणाला.

"आईला दोन कुंकू!" ती म्हणाली.

दोन वर्षांत पहिल्यांदा मला आई म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही डोळ्यांत, डाव्यासुद्धा. तोवर तिनं कुंकवाचं बोट गिरजाच्या पदराला पुसलं, मान वर करून तिच्या कपाळावरचं कुंकूही चाचपलं आणि विचारलं, "आई, तुला एकच का?"

मला तिचा मत्सर वाटला. अजून वाटतो.

"ये इकडं," मी गिरजाला म्हटलं, "तुझं पुसलंय, नीट लावते." आणि डबी तिच्या हातातून घेतली.